कॉलमचं नाव 'रँक' आहे म्हणून क्वेरी फुटते? गुणवत्ता यादी अडकली आहे, मदत हवी

रविवारचा_डबा
नमस्कार मंडळी. मी डेटाबेसवाला नाही, हिशेब तपासणारा माणूस आहे, पण नात्यातल्या एकांच्या शाळेचं निकालाचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय. पीएचपी आणि मायएसक्यूएल. ज्याने बनवलं तो मुलगा आता कुठे असतो कुणालाच माहीत नाही. होस्टिंगवाल्यांनी मायएसक्यूएल ५.७ बंद करून ८.० वर नेलं आणि त्या दिवसापासून गुणवत्ता यादीचं पान उघडत नाही, एरर १०६४, तुमच्या सिंटॅक्समध्ये चूक आहे वगैरे. बाकी सगळी पानं ठीक आहेत.

क्वेरी अगदी साधी आहे हो, निकाल टेबलमधून नाव, डिव्ह (म्हणजे तुकडी) आणि रँक उचलायचं, एवढंच. गंमत म्हणजे डिव्हच्या दोन्ही बाजूंना ती तिरपी टिकली दिलेली आहे, रँकला नाही. आणि इतकी वर्षं हे चालत होतं!

विचारायचंय ते असं की, कॉलमचं नावच बदलून टाकू की सगळीकडे टिकल्या देत बसू? आणि अजून कुठले शब्द असे दबा धरून बसलेत ते कसं कळणार?

लिंबूसरबत
बॅकटिक (तीच तिरपी टिकली) घाला. विषय संपला.

सर्व्हररूमचा_एसी
विषय संपला नाही, आत्ता कुठे सुरू झालाय.

डबासाहेब, तुमच्या त्या मुलाने त्याच्या काळात बरोबरच केलं होतं. डिव्ह हा मायएसक्यूएलमध्ये आधीपासून राखीव शब्द आहे, म्हणजे भाषेने स्वतःच्या कामासाठी ठेवलेला, पूर्णांक भागाकाराचा ऑपरेटर आहे तो, सात डिव्ह दोन केलं की तीन येतात. म्हणून तुकडीसाठी डिव्ह कॉलम करताना त्याला तेव्हाच एरर आली असणार आणि त्याने बॅकटिक दिले. रँक त्या वेळी राखीव नव्हता. २०१८ च्या एप्रिलमध्ये ८.० आलं, त्यात विंडो फंक्शन्स (ओळींची आपसात तुलना करून क्रमांक वगैरे काढणारी) आली, आणि त्यांच्यासोबत रँक, डेन्स रँक, रो नंबर, लॅग, लीड, ओव्हर, विंडो, ग्रुप्स, सिस्टीम, एम्प्टी, ऑफ असे बरेच शब्द राखीव झाले. म्हणजे तुम्ही बसमध्ये आधीपासून बसलेले, आणि कंडक्टर येऊन सांगतो की या सीटवर मागाहून रुमाल पडलाय, उठा.

होस्टिंगवाल्यांनाही फार बोल लावू नका, ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला.

चकलीबहाद्दर
धाग्यात 'राखीव' शब्द आला, आता शंभर प्रतिसाद नक्की. संपादकांनी चहा ठेवून बसावे.

मावशी_एचआरवाली
डिव्हचं वाचून हसू आलं कारण आमच्या पगारपत्रकात याच्या दुप्पट मजा झालेली आहे. आधीच्या कंपनीत रजेच्या टेबलचं नाव ठेवलं लीव्ह. मायएसक्यूएल म्हणतं लीव्ह माझा, स्टोअर्ड प्रोसीजरमधल्या लूपमधून बाहेर पडायला तो वापरतात. मग कोणीतरी टेबलला लीव्हज असं अनेकवचन केलं आणि ते चाललं.

पण खरी मजा पुढे आहे. महिनावार कपातीचं एक टेबल होतं, बारा महिन्यांचे बारा कॉलम, जान, फेब, मार्च करत शेवटी डेक. (बारा कॉलम का केले, ओळी का नाही केल्या, हे मला विचारू नका, मी तेव्हा फक्त एक्सेल देत होते.) अकरा महिने बिनतक्रार आणि डिसेंबरला टेबलच तयार होईना. टीममधला पोरगा स्वल्पविराम शोधत बसला होता कारण चूक यादीच्या शेवटी दाखवत होतं आणि शेवटी तर एक कंस आणि एक अर्धविराम, तिथे चुकणार काय. तर डेक म्हणजे डेसिमलचं लघुरूप, तो डेटाटाइप आहे, राखीव आहे.

चकलीबहाद्दर
लीव्ह राखीव आहे हे एचआरने सांगितलेलं बघून भरून आलं. आम्हाला लेखी कधीच कळवलं नव्हतं.

मावशी_एचआरवाली
@चकलीबहाद्दर, तुमचा अर्ज विचाराधीन आहे.

पुण्याबाहेरचा_पुणेकर
लिंबूसरबत यांच्याशी असहमत. बॅकटिक हा उपाय नाही, कायमचा जाच आहे. आज तुम्ही पीएचपीच्या क्वेरीत घातलेत, उद्या कोणी रिपोर्टसाठी वेगळं टूल जोडेल तो घालणार नाही, परवा शाळेचा क्लार्क थेट क्वेरी मारेल तोही घालणार नाही. आणि डेटाबेस बदलला तर तेही उपयोगाचं नाही, कारण बॅकटिक ही मायएसक्यूएलची रीत. एसक्यूएल सर्व्हरला चौकोनी कंस लागतात, पोस्टग्रेस आणि ओरॅकलला दुहेरी अवतरण. एसक्यूलाइट बिचारं तिन्ही चालवून घेतं.

नाव बदला. रँक नको, गुणवत्ता_क्रमांक करा किंवा इंग्रजीत रिझल्ट_रँक करा. साधा नियम असा की एकशब्दी नाव ठेवायचंच नाही. ऑर्डर नको, ऑर्डर_नंबर. ग्रुप नको, ग्रुप_कोड. डेस्क (डिस्क्रिप्शनचं आखूड रूप, डी ई एस सी) नको, कारण तो उतरत्या क्रमाचा शब्द आहे. फ्रॉम आणि टू नको, प्रवास_कुठून, प्रवास_कुठे. की नको, कंडिशन नको, रेंज नको, युसेज नको. आजची यादी बघून सुटका नाही, यादी वाढत जाते. ८.४ मध्ये मॅन्युअल, पॅरलल, क्वालिफाय हेही आत गेलेत. जोडनावाला हा धोका जवळपास नाहीच.

लिंबूसरबत
जवळपास नाही म्हणे. रो नंबर हे अंडरस्कोर घातलेलं जोडनावच आहे, आणि ते राखीव झालं. वर एसीसाहेबांनीच लिहिलंय.

पुण्याबाहेरचा_पुणेकर
बरं, ते मान्य. पण अपवाद दाखवून नियम पडत नाही.

लिंबूसरबत
आणि चालू शाळेतलं कॉलमचं नाव बदलणं हे तुम्हाला सोपं वाटतं? कोड कोणाकडे आहे, किती ठिकाणी ते नाव लिहिलंय, पीडीएफ प्रमाणपत्राच्या साच्यात आहे का, पालकांच्या मोबाइल ॲपमध्ये आहे का, काही माहीत नाही. एका क्वेरीत दोन टिकल्या घातल्या की आज यादी लागते. निकाल तोंडावर असताना स्कीमाला (टेबल-कॉलमांच्या रचनेला) हात लावू नये असं माझं स्पष्ट मत.

आमच्या ऑफिसात एका उत्साही माणसाने ऑर्डर नावाचा कॉलम बदलायला आख्ख्या प्रोजेक्टवर शोधा-आणि-बदला चालवलं. ऑर्डर शोध, त्याच्या जागी ऑर्डर_नो टाक. क्वेऱ्यांमधले सगळे ऑर्डर बाय (क्रम लावायची आज्ञा) मेले ते मेलेच, पण वेबसाइटच्या स्टाइलशीटमध्ये बॉर्डर असतं, त्याच्या पोटात ऑर्डर आहेच की! सगळ्या टेबलांच्या चौकटी उडाल्या. ग्राहकाने आधी डिझाइनचीच तक्रार केली, डेटाचं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

चकलीबहाद्दर
बॉर्डर_नो. सीमाप्रश्न सुटला म्हणायचा.

उंबरठ्यावरची
बॅकटिक घाला म्हणताय ते ठीक, पण नवख्या माणसाला सांगताना नीट सांगा की ती एस्केपच्या खालची कळ, एंटरच्या शेजारचं एकेरी अवतरण नव्हे. हे दोन्ही दिसायला सारखे आणि परिणाम भयंकर वेगळे. एकेरी अवतरणात रँक लिहिलंत तर मायएसक्यूएलला ती अक्षरांची साधी ओळ वाटते. एरर जाते! पान उघडतं! आणि प्रत्येक मुलासमोर रँकच्या रकान्यात 'रँक' असाच शब्द येतो. हे निदान दिसतं तरी. ऑर्डर बायमध्ये तसं केलंत तर काहीच दिसत नाही, प्रत्येक ओळीला एकच ठरावीक शब्द धरून क्रम लावायला सांगितल्यासारखं होतं, म्हणजे क्रम लागतच नाही. दहा-वीस ओळींच्या चाचणीत नशिबाने बरोबर दिसेल आणि खऱ्या यादीत तिसरा आलेला मुलगा पहिला छापला जाईल. गुणवत्ता यादी आहे, पालक सोडणार नाहीत.

मला तरी एरर येणारी चूक परवडते, गप्प बसणारी नाही.

हत्तीवाला
गप्प बसणाऱ्या चुकीवरून. पोस्टग्रेसमध्ये यूजर हा राखीव शब्द आहे, नुसतं यूजर नावाचं टेबल करायला गेलात तर एरर येते, ठीक. पण फ्रेमवर्क काय करतं, स्वतःच अवतरणं घालून टेबल तयार करून मोकळं होतं, तुम्हाला पत्ताच लागत नाही. मग एके दिवशी तुम्ही हाताने क्वेरी मारता, सगळं सिलेक्ट कर फ्रॉम यूजर, अवतरणाशिवाय. एरर नाही! एक ओळ येते, आणि तिच्यात तुम्ही ज्या नावाने डेटाबेसात लॉगिन केलंय ते नाव. कारण पोस्टग्रेसमध्ये यूजर म्हणजे सध्याचा वापरकर्ता. मोजायला सांगितलंत तर उत्तर १.

आमच्याकडे एका मुलीने हे बघून सरळ निष्कर्ष काढला की सगळे ग्राहक उडाले, एकच उरलाय, आणि बॅकअप परत चढवायची तयारी सुरू केली. वेळेवर कोणीतरी मागे येऊन उभं राहिलं म्हणून वाचलो.

शिवाय पोस्टग्रेसमध्ये अवतरण घालायची सवय लावून घेण्यात आणखी एक भानगड आहे, अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव तो स्मॉल लिपीत करून घेतो आणि अवतरणातलं जसंच्या तसं ठेवतो, म्हणजे एकदा कॅपिटल अक्षर घालून कॉलम केलात की जन्मभर अवतरण. ओरॅकल नेमकं उलटं, तो सगळं कॅपिटल करतो.

सर्व्हररूमचा_एसी
@हत्तीवाला, बरोबर. आणि स्टार्ट-एंडचं पण सांगा ना. मायएसक्यूएलमध्ये स्टार्ट आणि एंड दोन्ही कॉलम बिनधास्त चालतात. तोच स्कीमा पोस्टग्रेसवर नेला की स्टार्ट चालतो, एंड अडतो. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येच उदाहरण आहे, इंटर्व्हल नावाचं टेबल आणि त्यात बिगिन, एंड हे कॉलम. एरर येते ती फक्त इंटर्व्हलवर. शब्द कीवर्ड असणं आणि राखीव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येक डेटाबेसचं याबाबत आपापलं घराणं.

ओरॅकलवाल्यांना तर डेट, लेव्हल, कॉमेंट, साइझ, मोड, फाइल काहीच ठेवता येत नाही. मायएसक्यूएलमध्ये डेट सुखाने नांदतो.

जुना_जेसीएल
मी न्यू जर्सीत असतो, निवृत्त. तुम्हा मुलांचं वाचून करमणूक होते आहे. आम्ही मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा कोबॉल होतं आणि कोबॉलमध्ये राखीव शब्द शेकड्यांनी. त्यांची यादी झेरॉक्स करून टेबलाच्या काचेखाली ठेवायची पद्धत होती. म्हणून आमच्या साहेबांचा दंडकच होता, प्रत्येक व्हेरिएबलच्या आधी डब्ल्यूएस आणि आडवी रेघ. कोणाची टाप नव्हती दुसरं काही ठेवायची.

आणि याच्या अगदी उलट पीएल-वन. आयबीएमचीच भाषा, साठच्या दशकातली, तिच्यात राखीव शब्दच नाहीत. इफ नावाचं व्हेरिएबल ठेवा, देन नावाचं ठेवा, एल्स नावाचं ठेवा, कंपायलर संदर्भावरून ओळखतो. इफ इफ इज इक्वल टू देन देन देन इज इक्वल टू एल्स, असं वाक्य तिथे कायदेशीर आहे. म्हणजे राखीव शब्द नसणं हे सुख आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ती वाक्यं एकदा दुरुस्त करून पाहावीत.

उंबरठ्यावरची
काका, हे वाक्य मी मोठ्याने वाचलं, घरात सगळे बघायला आले.

निवडुंग
अवांतर: आपण सगळे मराठी, तर कॉलमची नावं सरळ देवनागरीत का ठेवू नयेत? 'क्रमांक', 'तुकडी', 'रजा'. एकही राखीव नाही आणि पुढेही होणार नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हीत देवनागरी नाव अवतरणाशिवाय चालतं, मी करून बघितलंय.

हत्तीवाला
चालतं. पण पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) तीन बाइट खातो, म्हणजे काना-मात्रा-हलन्त सगळं धरून २१. 'विद्यार्थी_गुणवत्ता_क्रमांक' लिहून बघा, शेपूट कापलं जातं, आणि त्याबद्दल एरर नाही, फक्त एक नोटीस येते. मायएसक्यूएलमध्ये मर्यादा ६४ अक्षरांची आहे, बाइटांची नाही, तिथे बरं आहे.

आणि 'ऱ' बद्दल बोलायलाच नको. 'कर्मचाऱ्याचे_नाव' मधला ऱ एकाच कोडपॉइंटचा असू शकतो किंवा र आणि खाली नुक्ता असा दोनचा. पडद्यावर तंतोतंत सारखे. कळफलक बदलला की दुसरा उमटू शकतो आणि पोस्टग्रेस म्हणतो असा कॉलमच नाही. डोळे फोडून घेतलेत तरी फरक दिसणार नाही.

पुण्याबाहेरचा_पुणेकर
इंग्रजी लिपीत मराठी नावं ठेवणारेही महान. एका पतसंस्थेच्या डेटाबेसात तीन टेबलांत 'जामीनदार' तीन स्पेलिंगांनी होता. राखीव शब्द परवडला, त्याची निदान यादी तरी मिळते.

रविवारचा_डबा
बापरे, एवढं सगळं! सर्वांचे आभार. एकेरी अवतरणाचं उंबरठ्यावरची ताईंनी सांगितलं ते बरं झालं, मी अगदी तेच करायला निघालो होतो.

एक नवीन कोडं. कोड माझ्या लॅपटॉपवर उतरवून झॅम्पमध्ये (आपल्याच मशीनवर सर्व्हर चालवायचं पॅकेज) चालवला, तर तिथे जुनी क्वेरी आहे तशी, काहीही न बदलता, व्यवस्थित चालते! सर्व्हरवर मात्र तीच फुटते. मग रँक राखीव आहे की नाही?

सर्व्हररूमचा_एसी
अहो, कारण झॅम्पमध्ये मायएसक्यूएल नाहीच. कंट्रोल पॅनेलवर नाव मायएसक्यूएल दिसतं पण आत मारियाडीबी असतं. दोघं एकाच घरातले पण वेगळे झालेत. मारियाडीबीतही रँक हे फंक्शन आहे, पण त्यांनी तो शब्द राखीव केलेला नाही. तेव्हा लॅपटॉपवर चाललं म्हणून निश्चिंत होऊ नका, ८.० च उतरवून त्यावर तपासा.

तुमचा मूळ दुसरा प्रश्न राहूनच गेला. अजून कुठले शब्द ते कसं कळणार, तर मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेड तपासायचं एक साधन येतं, जुन्या सर्व्हरवर चालवलं की नव्या राखीव शब्दांशी टक्कर होणारी टेबलांची नि कॉलमांची नावं काढून देतं. ८.० वर इन्फर्मेशन स्कीमात कीवर्ड्स नावाचं टेबलही आहे, राखीव आहे की नाही याचा रकाना त्यात आहे, आपल्या कॉलमांच्या यादीशी जोडून बघा. पोस्टग्रेसवाल्यांना असंच पीजी गेट कीवर्ड्स हे फंक्शन, ओरॅकलला व्ही डॉलर रिझर्व्हड वर्ड्स.

पण ही साधनं स्कीमा बघतात, तुमच्या पीएचपी फायली उघडून वाचत नाहीत. तिथे एक गोष्ट हमखास निसटते, टोपणनाव. जुन्या मायएसक्यूएलमध्ये क्रमांक काढायला ॲट चिन्हाचं व्हेरिएबल एकेकाने वाढवत न्यायचे आणि शेवटी 'ॲज रँक' लिहायचे. व्हेरिएबलला काही होत नाही, ते 'ॲज रँक' फुटतं. तुमच्या कोडमध्ये हे असण्याची दाट शक्यता आहे, निकालाचं सॉफ्टवेअर आहे म्हणजे क्रमांक असाच काढला असणार. आता ती कसरत लागतही नाही, ज्या फंक्शनने तुमची सीट घेतली तेच वापरा, रँक कंस ओव्हर ऑर्डर बाय गुण, आणि पुढे उतरत्या क्रमाचा डेस्क (डी ई एस सी). सारखे गुण असलेल्यांना सारखा क्रमांक, पुढचा क्रमांक गाळला जातो. गाळायचा नसेल तर डेन्स रँक. कुठला हवा ते मुख्याध्यापकांना विचारा, शाळाशाळांत भांडणं यावरूनच होतात.

लिंबूसरबत
आणि टिकल्या नकोच असतील तर टेबलला एका अक्षराचं टोपणनाव देऊन 'आर टिंब रँक' असं लिहा. मायएसक्यूएलमध्ये टिंबानंतर आलेला शब्द नावच धरला जातो, राखीव असला तरी. जुन्यात नि नव्यात दोन्हीकडे चालतं. क्रिएट टेबलमध्ये मात्र बॅकटिक लागतीलच.

पुण्याबाहेरचा_पुणेकर
हे चांगलं आहे. आधी हे करा, यादी लावा. निकाल झाला की सुट्टीत नाव बदला, ८.० मध्ये रिनेम कॉलम असं सरळ लिहिता येतं, ५.७ मध्ये चेंज वापरून आख्खी व्याख्या परत लिहावी लागायची आणि त्यात नॉट नल विसरलं की तो गायब.

उंबरठ्यावरची
लिंबूसरबत आणि पुणेकर यांचं एकमत झालं, स्क्रीनशॉट घेऊन ठेवते.

कोकणकडा_लिनक्स
उशिरा आलो. टर्मिनलवरून क्वेरी चालवणाऱ्यांसाठी: दुहेरी अवतरणातल्या क्वेरीत बॅकटिक घालू नका. बॅश (टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणारा शेल) ते आधी स्वतः खातो, आतल्या शब्दाला कमांड समजून चालवायला जातो. 'ऑर्डर: कमांड नॉट फाउंड' येतं आणि क्वेरीत त्या जागी पोकळी राहते. बाहेर एकेरी अवतरण वापरा. कॉलमचं नाव किल किंवा रीबूट नसलं म्हणजे झालं.

रविवारचा_डबा
यादी लागली! 'ॲज रँक' दोन फायलींत सापडलं, एसीसाहेब, दंडवत. रँक फंक्शन घातलं, टिंबवाली युक्तीही केली. गाळायचा की नाही हे विचारलं तर मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या गाळायचा नाही, म्हणून डेन्स. मग त्यांनीच विचारलं की वरच्या 'पहिले तीन' मध्ये आता पाच मुलं कशी आली. त्यावर बैठक लावली आहे.

शेअरबाजारी
माझा पण एक प्रश्न घुसवतो. रोजच्या भावांचं टेबल आहे, कॉलम ओपन, हाय, लो, क्लोज. मायएसक्यूएलवर मस्त चालू आहे. क्लायंट म्हणतो एसक्यूएल सर्व्हरवर आणा. काही अडचण?

सर्व्हररूमचा_एसी
ओपन आणि क्लोज दोन्ही तिथे राखीव आहेत, कर्सर उघडायचे-मिटायचे शब्द. हाय आणि लो सुटतील. टक्क्यांचा कॉलम पर्सेंट नावाने असेल तर तोही जाईल. नवीन धागा काढा.